घोड्याचे चार पाय आणि एका फोटोवाल्याचं नाव

स्मरणिकेच्या संपादक मंडळाचा निरोप आला की, खेळांचे फोटो काढण्याच्या तुझ्या धंद्याविषयी काहीतरी लिहून दे. आपल्या तुकडीतल्या बऱ्याच जणांचा ठाम समज आहे की हे काम म्हणजे सीमारेषेवर बसून फुकटात मॅच बघणं. तो समज दूर करण्यासाठी स्वतःचं रडगाणं गाण्यापेक्षा ज्या माणसापासून हा धंदा सुरू झाला असं म्हणता येईल, त्याचंच आयुष्य सांगावं असं मी ठरवलं. त्याला जाऊन सव्वाशे वर्षं होत आली. पण उन्हात ताटकळणं, सामान वाहणं, मालकाची मर्जी, पैशाची ओढाताण आणि फोटोखाली आपलं नाव छापून येईल की नाही ही धाकधूक, हे सगळं त्याच्या वाट्याला आमच्याआधीच येऊन गेलं होतं.

त्याचं नाव एडवर्ड मायब्रिज. नाव ओळखीचं वाटलं नाही तरी त्याचं काम तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. धावत्या घोड्याची लागोपाठ मांडलेली, काळ्या सावल्यांसारखी दिसणारी छोटी छोटी चित्रं, पाठीवर वाकलेला जॉकी, मागे पांढरी भिंत आणि तिच्यावर उभ्या रेघा. सिनेमाच्या इतिहासावरचं कोणतंही पुस्तक उघडा, पहिल्या काही पानांत ती असतात.

मायब्रिजचा जन्म ९ एप्रिल १८३० रोजी इंग्लंडमध्ये, थेम्स नदीकाठच्या किंग्स्टन गावी झाला. घरचं नाव एडवर्ड जेम्स मगरिज. वडील धान्याचा आणि कोळशाचा व्यापार करीत. मुलगा तेरा वर्षांचा असतानाच ते गेले. विशीत पोरानं अमेरिकेची वाट धरली. आधी न्यूयॉर्क आणि मग सोन्याच्या शोधात आलेल्या माणसांनी गजबजलेलं सॅन फ्रान्सिस्को. तिथे त्यानं पुस्तकांचं दुकान चालवलं. मगरिजचा मायग्रिज झाला आणि पुढे मायब्रिज. उतारवयात त्यानं पहिल्या नावाचं स्पेलिंगही जुन्या सॅक्सन राजांच्या नावासारखं करून घेतलं. त्याच्या गावात त्या राजांच्या राज्याभिषेकाचा दगड जपून ठेवलेला आहे आणि त्याखालच्या चौथऱ्यावर ती नावं कोरलेली आहेत. स्वतःच्या नावाबद्दल इतका हळवा असलेला हा माणूस. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

१८६० साली तो इंग्लंडला जायला निघाला. वाटेत टेक्सासमध्ये त्याची घोड्यांची टपालगाडी उधळली आणि उलटली. डोक्याला जबर मार बसला. शुद्धीवर आला तेव्हा तो अपघाताच्या जागेपासून लांब, फोर्ट स्मिथ गावात होता आणि मधलं काहीच आठवत नव्हतं. कितीतरी दिवस एका वस्तूच्या दोन दिसत, वास आणि चव कळत नसे. उपचारांसाठी तो लंडनला गेला. पुढची पाच-सहा वर्षं इंग्लंडमध्ये काढून १८६७ च्या सुमारास तो सॅन फ्रान्सिस्कोला परतला, तो फोटोग्राफर होऊनच. पुस्तकवाला मागे पडला. फोटोंवर तो हेलिओस, म्हणजे सूर्य, अशी सही करू लागला.

त्या काळी फोटो काढणं म्हणजे काय होतं ते थोडक्यात सांगायला हवं. आज तुमच्या नातवंडांच्या हातातला मोबाइल सेकंदाला दहा फोटो काढतो. तेव्हा काचेच्या पट्टीवर कलोडियनचं चिकट द्रावण एकसारखं पसरायचं, ती पट्टी अंधारात सिल्व्हर नायट्रेटच्या भांड्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, भिंगावरचं झाकण हातानं काढायचं, मनात आकडे मोजायचे आणि झाकण परत लावायचं. मग काच वाळायच्या आत तंबूत पळत जाऊन ती डेव्हलप करायची. हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत. द्रावण सांडलं, धूळ बसली किंवा वारा सुटला की पुन्हा पहिल्यापासून. सिल्व्हर नायट्रेटनं बोटं काळी पडत आणि ते डाग दिवसेंदिवस जात नसत. फोटोग्राफर रस्त्यानं चालला की लोक त्याचा धंदा हातावरूनच ओळखत असतील.

असं हे सामान खेचरांच्या पाठीवर लादून मायब्रिज योसेमिटीच्या डोंगरदऱ्यांत हिंडला. १८७२ साली त्यानं तिथे वीस बाय चोवीस इंची काचा वापरल्या. एवढा मोठा फोटो हवा तर तेवढीच मोठी काच न्यावी लागे, कारण लहान निगेटिव्ह मोठं करण्याची सोय फारशी नव्हती. मी चारशे मिलिमीटरची लेन्स खांद्यावर टाकून स्टेडियमचे जिने चढतो तेव्हा कधी कधी त्या खेचरांची आठवण येते. या देखाव्यांमुळे मायब्रिजचं नाव झालं आणि ते नाव एका फार मोठ्या माणसाच्या कानावर गेलं.

तो माणूस म्हणजे लेलँड स्टॅनफर्ड. कॅलिफोर्नियाचा माजी गव्हर्नर, सेंट्रल पॅसिफिक रेल्वेचा अध्यक्ष आणि शर्यतीच्या घोड्यांचा नादी. त्याच्याकडे ऑक्सिडेंट नावाचा दुडक्या चालीनं धावणारा प्रसिद्ध घोडा होता. घोड्यांच्या शौकिनांमध्ये तेव्हा एक वाद कायम रंगत असे. वेगानं दुडकताना घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटतात की एखादा तरी टेकलेला असतो? डोळ्यांना ते दिसत नाही. स्टॅनफर्डचं मत होतं की सुटतात. त्यानं यावर पंचवीस हजार डॉलरची पैज लावली होती अशी एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, पण तिला आधार सापडलेला नाही. पैज असो वा नसो, १८७२ मध्ये त्यानं मायब्रिजला बोलावलं आणि घोड्याचा धावतानाचा फोटो काढायला सांगितलं.

सांगायला सोपं होतं. जिथे उभ्या माणसालासुद्धा काही सेकंद श्वास रोखून बसावं लागे, तिथे भरधाव घोडा कसा टिपायचा? कॅमेऱ्याला शटर म्हणून काही नव्हतं, ते त्यालाच बनवावं लागलं. उजेड पुरेसा पडावा आणि घोडा उठून दिसावा म्हणून मागे पांढरं काहीतरी हवं होतं. १८७३ च्या एका वर्तमानपत्री वृत्तांताप्रमाणे आजूबाजूच्या घरांतून पांढऱ्या चादरी गोळा करून टांगण्यात आल्या. घोडा त्या फडफडत्या चादरींना बुजला. त्याला त्यांची सवय होईपर्यंत थांबावं लागलं. मग एकामागून एक प्रयत्न झाले आणि शेवटी हाती काय लागलं, तर एक अंधुक सावली. स्टॅनफर्डचं समाधान झालं, पण ते फोटो आज कुठेच नाहीत. क्रीडा छायाचित्रणाची सुरुवात झाली ती ही अशी, शेजाऱ्यांच्या चादरी आणि बुजलेलं जनावर यांच्या साक्षीनं.

याच सुमारास घरात वेगळंच काही शिजत होतं. १८७१ मध्ये मायब्रिजनं फ्लोरा नावाच्या, वयानं त्याच्याहून वीस-एक वर्षांनी लहान असलेल्या घटस्फोटित स्त्रीशी लग्न केलं होतं. कामासाठी तो महिनोन्‌महिने बाहेर असे. १८७४ च्या एप्रिलमध्ये मुलगा झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बाळाचा एक फोटो मायब्रिजच्या हाती पडला आणि त्याच्या पाठीमागे पत्नीच्या अक्षरात दुसऱ्याच एका पुरुषाचं नाव होतं. हॅरी लार्किन्स नावाचा तो नाट्यसमीक्षक होता. मायब्रिजनं बोट आणि आगगाडी पकडून कॅलिस्टोगा गाठलं, रात्री लार्किन्सला दारात बोलावलं आणि गोळी घातली. फेब्रुवारी १८७५ मध्ये खटला चालला. वकिलांनी जुन्या अपघातानं त्याच्या डोक्यावर परिणाम झाल्याचा बचाव मांडला. ज्युरीनं तो काही मानला नाही, पण नवऱ्याचा राग रास्त ठरवून त्याला सोडून दिलं. त्या काळाच्या आणि त्या मुलखाच्या न्यायानं तो सुटला. आज आपण याला न्याय म्हणणार नाही. फ्लोरा त्याच वर्षी आजारानं गेली. मुलाची रवानगी अनाथाश्रमात झाली. तो मुलगा पुढे मजुरी आणि माळीकाम करीत जगला. बापाच्या कीर्तीतला वाटा त्याला मिळाला नाही. मोठ्या माणसाचं चरित्र सांगताना हे पान चिकटवून टाकण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण ते झाकून बाकीचं सांगणं मला योग्य वाटलं नाही.

सुटल्यावर मायब्रिज मध्य अमेरिकेत फोटो काढत फिरला आणि परत येऊन पुन्हा स्टॅनफर्डच्या घोड्यांकडे वळला. १८७७ मध्ये त्यानं ऑक्सिडेंटचं एक चित्र वर्तमानपत्रांकडे पाठवलं. झालं उलटंच. ते चित्र हातानं दुरुस्त केलेलं आहे हे लोकांनी ओळखलं आणि ते फोटोच नाही अशी टीका झाली. मूळ निगेटिव्हवरून चित्रकाराकडून चित्र रंगवून घेऊन त्याचा फोटो काढलेला होता, त्यामुळे टीका अगदीच निराधार नव्हती. फोटोत फेरफार केल्याचे आरोप आज आमच्यावर होतात तेव्हा लोकांना वाटतं की हे संगणकामुळे सुरू झालं. ते दुखणं खेळाच्या फोटोइतकंच जुनं आहे.

यानंतर मायब्रिजनं जे केलं त्यासाठी तो आमचा पूर्वज ठरतो. त्यानं वाद घातला नाही. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत फोटो काढून दाखवायचं ठरवलं. जागा होती पालो आल्टो इथला स्टॅनफर्डचा घोड्यांचा मळा, जिथे आज स्टॅनफर्ड विद्यापीठ आहे. धावपट्टीच्या एका बाजूला लांबलचक शेड बांधली आणि तिच्यात बारा कॅमेरे ओळीनं मांडले. दोन कॅमेऱ्यांत एकवीस इंचांचं अंतर. समोरच्या बाजूला तिरकी पांढरी भिंत आणि तिच्यावर तेवढ्याच अंतरावर उभ्या रेघा, म्हणजे घोडा किती पुढे सरकला ते मोजता यावं. उजेड वाढवण्यासाठी जमिनीवर पांढरी चुन्याची पूड. प्रत्येक कॅमेऱ्याचं शटर विजेच्या चुंबकानं सुटणारं. रेल्वेतल्या जॉन आयझॅक्स नावाच्या तरुण इंजिनियरनं या जोडणीत मोलाची मदत केली. गाडी जोडलेला घोडा असला की चाक जमिनीतल्या तारांवरून जाऊन एकेक शटर सोडी. नुसता स्वार असला की धावपट्टीवर आडवे ताणलेले दोरे घोड्याच्या छातीनं तुटत आणि शटर सुटे.

आता कल्पना करा. बारा काचा एकाच वेळी ओल्या हव्यात. बारा शटर ताणून तयार हवेत. बारा दोरे नीट बांधलेले हवेत. आणि घोडा तर घोडाच. तो अडला किंवा वाट सोडून पळाला तर काचा वाळणार आणि सगळं पुन्हा. घोडा कॅमेऱ्यांसमोरून जातो तो अर्ध्या-पाऊण सेकंदात. त्या अर्ध्या-पाऊण सेकंदासाठी आधी पाच-सहा वर्षं गेली होती. लोकांना दिसतो तो तेवढाच क्षण.

१५ जून १८७८ रोजी वर्तमानपत्रांच्या बातमीदारांना बोलावण्यात आलं. आधी एब एजिंग्टन नावाचा घोडा हलक्या दोनचाकी गाडीसह दुडकत गेला. मग सॅली गार्डनर नावाची घोडी जॉकीसह चौखूर सुटली. दोरे तटातट तुटले तशी ती बिथरली, हवेत उसळली आणि तिच्या खोगिराचा तंगच तुटला. मायब्रिजनं तिथल्या तिथे काचा डेव्हलप केल्या. तुटलेला तंग फोटोत लोंबताना दिसत होता. बातमीदारांनी तो प्रसंग आपल्या डोळ्यांनी पाहिला होता, त्यामुळे फोटो खरे आहेत याची दुसरी खूण लागली नाही. ठरवून केलेल्या तयारीवर शिक्कामोर्तब झालं ते न ठरवलेल्या एका अपघातानं. आमच्या धंद्यात असं पुष्कळदा होतं, पण अपघात कामी येतो तो तयारी केलेल्याच्याच.

त्या फोटोंनी दोन गोष्टी दाखवल्या. घोड्याचे चारही पाय जमिनीपासून सुटतात हे स्टॅनफर्डचं म्हणणं खरं निघालं. पण चौखूर धावताना ते सुटतात तेव्हा पोटाखाली गोळा झालेले असतात. शतकानुशतकं चित्रकार पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय मागे ताणलेला, हवेत तरंगणारा घोडा काढत आले होते. आपल्यातले जे एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसले होते त्यांनी धावता घोडा कसा काढला होता ते आठवून पाहा. जगातले मोठमोठे चित्रकारही तसाच काढत होते. हे फोटो पाहून काहींनी आपली चित्रं सुधारली आणि काही जण फोटोवरच चिडले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सायंटिफिक अमेरिकन या नियतकालिकानं ही मालिका मुखपृष्ठावर छापली.

पुढच्या वर्षी कॅमेरे बाराचे चोवीस झाले. ऑगस्ट १८७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑलिंपिक क्लबचे खेळाडू पालो आल्टोला आले. त्यांनी उड्या मारल्या, कोलांट्या घेतल्या, मुष्टियुद्ध केलं. मायब्रिजनं ते सगळं टिपलं. घोड्यांकडून माणसांकडे, शर्यतीकडून मैदानी खेळांकडे कॅमेरा वळला तो इथे. त्याच साली त्यानं झूप्रॅक्सिस्कोप नावाचं यंत्र बनवलं. काचेच्या गोल तबकडीवर क्रमानं काढलेली चित्रं फिरवून पडद्यावर घोडा पळताना दाखवणारं हे यंत्र. चलचित्रांच्या वाटेवरचा हा एक मोठा टप्पा.

१८८१ मध्ये तो युरोपला गेला. पॅरिसमध्ये शास्त्रज्ञ मारे आणि चित्रकार मेसोनिए यांनी त्याच्यासाठी मेळावे भरवले. मार्च १८८२ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या उपस्थितीत त्याचं व्याख्यान झालं. कोळसा-धान्यवाल्याचा मुलगा परत आपल्या देशात आला होता आणि राजपुत्र त्याचे घोडे बघत होता. रॉयल सोसायटीनं त्याचा निबंध स्वीकारला होता. आयुष्यातला हा सर्वांत सुखाचा काळ.

आणि नेमकं तेव्हाच अमेरिकेत एक पुस्तक निघालं, द हॉर्स इन मोशन. लेखक म्हणून नाव होतं स्टॅनफर्डचे स्नेही डॉ. स्टिलमन यांचं. स्टॅनफर्डच्या आश्रयानं प्रसिद्ध झाल्याचा उल्लेख होता. मायब्रिजचं नाव मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर कुठेही नव्हतं. त्याचे फोटो बहुतेक ठिकाणी रेखाटनांत उतरवून छापले होते. त्याचा उल्लेख आला होता तो कामाला ठेवलेला एक तंत्रज्ञ अशा अर्थानं. स्टॅनफर्डच्या दृष्टीनं हिशेब सरळ होता. घोडे त्याचे, मळा त्याचा, कॅमेऱ्यांचे पैसे त्याचे. मग काम कोणाचं?

हे पुस्तक लंडनला पोचताच रॉयल सोसायटीनं मायब्रिजला बोलावून खुलासा मागितला आणि त्याचा निबंध प्रसिद्ध करायचं थांबवलं. काल मान मिळालेला माणूस आज दुसऱ्याचं काम स्वतःच्या नावावर खपवणारा ठरला. त्यानं प्रकाशकाविरुद्ध आणि स्टॅनफर्डविरुद्ध खटले भरले. ते त्याला जिंकता आले नाहीत. स्टॅनफर्डनं त्याला कॅमेरे आणि हक्क देऊन वर दोन हजार डॉलर दिले होते. इतक्या वर्षांच्या कामाचा तो मोबदला.

इथे एक खाजगी गोष्ट सांगतो. माझे फोटो माझ्या नावाशिवाय छापून आले आहेत, आणि एकदा तर दुसऱ्याच्या नावानं आले आहेत. पैसे मिळाले होते, त्यामुळे तक्रार तरी काय करायची, असं लोक विचारतात. मायब्रिजचं उदाहरण माझ्यापाशी उत्तर म्हणून असतं. पैशापेक्षा त्याला लागलं ते हे की, बघणारी नजर आपली असून तिच्यावरचं नाव पुसलं गेलं.

त्याच १८८२ च्या मे महिन्यात त्यानं नेचर या नियतकालिकाला एक पत्र लिहिलं. त्यात त्यानं सुचवलं की, यापुढे महत्त्वाच्या शर्यतीत दोन घोडे बरोबरीनं आले तर निकाल फोटोवरून ठरवावा, आणि लवकरच तसं होईल. तेव्हा ते कोणी फारसं मनावर घेतलं नाही. आज महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर चुरशीचा निकाल फोटोवरच लागतो. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषाचं कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागानं हुकलं तेव्हा आपण सगळे हळहळलो होतो. तो निवाडाही अंतिम रेषेवरच्या कॅमेऱ्याचाच. घोडीच्या छातीनं तुटणाऱ्या दोऱ्यांपासून हा प्रवास सुरू झालेला आहे.

हरलेल्या मायब्रिजला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठानं आसरा दिला. काही सधन मंडळींनी मिळून पाच हजार डॉलर उभे केले आणि १८८४ पासून फिलाडेल्फियात काम सुरू झालं. पशुवैद्यकीय रुग्णालयाच्या आवारात उघड्यावर स्टुडिओ उभारला गेला. मागे काळी भिंत आणि तिच्यावर पांढऱ्या दोऱ्यांचे पाच सेंटिमीटरचे चौकोन. आता कोरड्या काचा आल्या होत्या, त्यामुळे काचा वाळण्याची भीती नव्हती. त्याऐवजी तीन बाजूंनी एकाच वेळी फोटो घ्यायचे होते. बाजूनं बारा, समोरच्या कोनातून बारा, मागून बारा. उजेड चांगला असला की काम आणि ढग आले की हातावर हात.

या कामात विद्यापीठाचे खेळाडू पुढे आले. धावणारे, अडथळ्यांवरून उड्या मारणारे, मुष्टियोद्धे, कुस्तीगीर, तलवारबाज, बेसबॉल आणि टेनिस खेळणारे. आणि आपल्याला आनंद वाटावा अशी गोष्ट म्हणजे क्रिकेटपटूसुद्धा. फिलाडेल्फिया हे तेव्हा अमेरिकेतल्या क्रिकेटचं माहेरघर होतं. चेंडू टाकणारा हात कसा वर येतो, बॅट कशी खाली येते, हे मायब्रिजनं टप्प्याटप्प्यानं दाखवलं. स्नायूंची हालचाल दिसावी म्हणून अनेकांना त्यानं विवस्त्र उभं केलं. दुसऱ्यांना सांगतो ते स्वतःही करायचं म्हणून पंचावन्न वर्षांचा, पांढऱ्या दाढीचा मायब्रिज स्वतः कपडे उतरवून कॅमेऱ्यांसमोर चालला, त्यानं कुदळ चालवली, थाळी फेकली. आज क्रिकेटच्या प्रशिक्षणात गोलंदाजाची कृती चित्राचित्रानं थांबवून पाहतात. त्याचं मूळ या आवारात आहे.

१८८७ मध्ये ॲनिमल लोकोमोशन प्रसिद्ध झालं. ७८१ मोठे तक्ते आणि त्यांत एकोणीस हजारांहून अधिक छोटी छायाचित्रं. यावेळी नाव त्याचंच होतं, ठळक. पण पूर्ण संचाची किंमत सहाशे डॉलर. इतके पैसे कोण देणार? खर्च सुरुवातीच्या पाच हजारांच्या कितीतरी पट वाढलेला. तक्ते खपवण्यासाठी तो गावोगाव व्याख्यानं देत फिरला. १८८८ मध्ये एडिसनला भेटला आणि त्याचं बोलतं यंत्र व आपलं पळतं चित्र एकत्र आणता येईल का याची चर्चा केली. त्यातून मायब्रिजच्या हाती काही आलं नाही. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यानं खास दालन घेऊन आपली चलचित्रं दाखवली, पण प्रेक्षक फारसे फिरकले नाहीत. पुढच्या दोन-तीन वर्षांत खरा सिनेमा आला आणि त्याची तबकडी जुनी झाली.

थकून तो किंग्स्टनला परतला. नातलगांकडे राहू लागला. १८९९ आणि १९०१ मध्ये जनावरांच्या आणि माणसांच्या हालचालींवरची दोन आटोपशीर पुस्तकं काढली. सामान्य माणसाला परवडतील अशी ही पुस्तकं मात्र चालली. कलाशिक्षक आणि चित्रकार ती आजही वापरतात. शेवटच्या दिवसांत तो घरामागच्या बागेत अमेरिकेतल्या पाच महासरोवरांची प्रतिकृती खणत होता. ते काम अर्धवट टाकून ८ मे १९०४ रोजी तो गेला. आपलं यंत्र, तबकड्या आणि कात्रणांची वही त्यानं गावच्या संग्रहालयाला दिली होती. ती तिथे आहेत. वोकिंग इथे त्याच्या नावाचा दगड बसवला गेला, पण कोरणाऱ्यानं आडनाव चुकवलं. मायब्रिजचं मेब्रिज झालं. आयुष्यभर स्वतःचं नाव घडवत आणि राखत आलेल्या माणसाच्या दगडावर एक अक्षर चुकलं.

मायब्रिज थोर होता का? कलावंत म्हणून निःसंशय. माणूस म्हणून त्याच्या हातून खून झाला आणि एका पोराला त्यानं वाऱ्यावर सोडलं, हेही तितकंच खरं. त्याच्याकडून घ्यायची ती एकच गोष्ट आहे, कामाची शिस्त. फोटो निघतो तो बोट दाबल्यावर, पण घडतो तो आधी. दोरा कुठे बांधायचा, भिंत कशी तिरकी करायची, घोडा कशाला बुजतो, ढग कधी सरकणार, याचा हिशेब करण्यात. आमच्या धंद्यातली झगमग आहे ती समोरच्या मैदानात. आमच्या बाजूला चिखल, भूक, चार्जरची वायर आणि डेडलाइन. सामना सुरू असतो तेव्हा आम्ही सामना बघत नाही, एकच माणूस बघतो, आणि विजयाचा जल्लोष चालू असताना पायऱ्यांवर बसून फोटो पाठवत असतो. शेतकऱ्यानं पेरणी मोजायची असते, पीक लोक मोजतात.

आपल्या शिक्षकांचंही असंच होतं हे आता कळतं. वर्षभर त्यांनी पाटीमागे उभं राहून जे केलं, ते दिसलं ते मार्चमधल्या तीन तासांच्या पेपरात, आणि तेही आमच्या नावावर. त्यांच्या नावाची ओळ कुठेच छापली गेली नाही. मित्रमैत्रिणींनो, उद्या सकाळी वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर झेप घेतलेला क्षेत्ररक्षक दिसला, तर त्याच्या खाली अगदी बारीक टाइपात एक नाव असेल. ते वाचा.